प्रकल्प नोंदी: रिबिल्ट टायटलची गाडी आणि ऑगस्टात येणारी मुलं

१२ मे २०२५, रिचर्डसन (टेक्सास)

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात करते. ऑगस्टात इथल्या विद्यापीठात एमएस करायला येणाऱ्या मराठी मुलांसाठी जुनी गाडी कशी पारखावी याचा तक्ता करायचा आहे. दोन पानं, मराठीत, गाडीशेजारी उभं राहून फोनवर वाचता येईल असा. तक्ता घरात बसून लिहायचा नाही. जुन्या मुलांना सोबत घेऊन विकायला असलेल्या खऱ्या गाड्या बघायच्या आणि जे हाताला लागेल तेवढंच त्यात घ्यायचं.

डॅलसच्या उत्तरेच्या या पट्ट्यात गाडीशिवाय भागत नाही. पहिल्या सेमिस्टरला मुलं सीनियरांच्या गाडीतून किराणा आणतात, दुसऱ्या सेमिस्टरला स्वतःची गाडी शोधू लागतात. हातात आठ-दहा हजार डॉलर असतात, तेही बहुतेक वेळा शैक्षणिक कर्जातले. त्या पैशात त्यांना पाच वर्षांची, कमी पळालेली, चकचकीत कोरोला दिसते आणि जाहिरातीच्या तळाशी लिहिलेलं असतं, 'रिबिल्ट टायटल'. टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद.

मी विमा दाव्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांच्या नुकसानीचे अंदाज काढते. गाडी 'टोटल' करायची (दुरुस्त न करता मालकाला तिची किंमत देऊन टाकायची) की दुरुस्त करायची हे ज्या कागदावरून ठरतं, तो कागद करणं हे माझं रोजचं काम. म्हणून मुख्य मुद्दा पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते. टायटलवर साल्व्हेजचा, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असा, ठप्पा पैशाच्या हिशेबातून पडतो; गाडीत नेमकं काय मोडलं ते तो सांगत नाही. दुरुस्तीनंतर मिळणारा रिबिल्टचा ठप्पा गाडी नीट दुरुस्त झाल्याची ग्वाही देत नाही. मुलं दोन्ही ठिकाणी फसतात. काही जण ठप्पा बघून 'किरकोळ असेल' म्हणतात, काही जण ठप्पा नाही म्हणून निर्धास्त होतात.

भाचा याच विद्यापीठात शिकतो. तो आणि त्याचा रूममेट मिळून गाडी घेणार आहेत, त्यामुळे पहिली गिऱ्हाइकं घरातलीच.

१७ मे

हिशेब कसा होतो ते मुलांना समजेल असं लिहायचा प्रयत्न केला.

समजा, अपघाताआधी गाडीची बाजारातली किंमत १८,००० डॉलर होती आणि दुरुस्तीचा अंदाज १२,००० आला. म्हणजे किमतीच्या दोन तृतीयांश. ओक्लाहोमाच्या कायद्यात साल्व्हेजची मर्यादा ६० टक्के आहे, तिथे ही गाडी साल्व्हेज ठरते. टेक्सासात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या पूर्ण किमतीच्या वर जावा लागतो, आणि त्यातही रंगकामाचं सामान, त्याची मजुरी आणि विक्रीकर धरत नाहीत. म्हणजे तीच गाडी इथे साल्व्हेज नाही. फ्लोरिडात मर्यादा ८० टक्के, न्यूयॉर्कमध्ये ७५. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत ठरावीक टक्का नाही. दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराची किंमत यांची बेरीज गाडीच्या किमतीला भिडली की गाडी टोटल.

इथून गाडीने उत्तरेला निघालं तर दीड-एक तासात रेड नदी लागते. नदीच्या पलीकडे ज्या गाडीला ठप्पा बसला असता, ती अलीकडे स्वच्छ टायटलवर फिरते. मोडलेला पत्रा दोन्हीकडे सारखाच.

हिशेबाची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. माझ्यासमोर गाडी येते तेव्हा मी वरून दिसतं त्याचा अंदाज लिहिते. दुरुस्ती मंजूर झाली तर बॉडी शॉप गाडी खोलतं, बंपर-मडगार्ड उतरवतं, आणि मग आतलं निघतं: वाकलेली रेल (सांगाड्याचा लांब दांडा), तडकलेला ब्रॅकेट, तुटलेलं वायरिंग. मग पुरवणी अंदाज होतो. पण वरवरच्या अंदाजातच गाडी टोटल ठरली तर ती कुणी खोलत नाही. कशाला खोलतील? मालकाला पैसे मिळतात, गाडी टो करून ऑक्शनच्या आवारात जाते. म्हणजे ज्या गाड्यांना जबर मार बसलेला असतो, त्यांच्या आत काय झालं हे कुणी पाहिलेलंच नसतं. पहिल्यांदा पाहतो तो ऑक्शनमधून ती घेणारा. त्याला जे दिसतं ते कागदावर आणण्यात त्याचा काडीचाही फायदा नसतो.

एवढं मुलांच्या डोक्यात बसलं तर निम्मं काम झालं.

२० मे

टेक्सासातले कागद. तक्त्यात हे थोडक्यात जाईल.

साल्व्हेज टायटलवर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. दुरुस्त करून रिबिल्ट साल्व्हेज टायटल घ्यावं लागतं. त्यासाठी व्हीटीआर-६१ नावाचा फॉर्म आहे: कोणते भाग बदलले, काय दुरुस्त केलं हे दुरुस्ती करणाऱ्याने लिहायचं, सही करायची, ६५ डॉलर शुल्क भरायचं. 'नॉनरिपेअरेबल' हा त्याच्याही पलीकडचा प्रकार. ती गाडी फक्त सुट्या भागांसाठी किंवा भंगारात; टेक्सासात ती पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाही.

फॉर्मवरचा मजकूर दुरुस्ती करणाऱ्याचा स्वतःचा असतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात टायटलआधी सरकारी तपासणी होते खरी, पण ती चोरीचे भाग वापरलेत का हे बघायला. ब्रेक, चासी, एअरबॅग हा तिचा विषय नाही. आणि १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासात खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद झाली आहे. आमच्या डॅलस आणि कॉलिन काउंटीत धुराची चाचणी अजून लागते, पण ती बहुतेक गाड्यांच्या बाबतीत संगणकाला वायर लावून होते. गाडीचा पुढचा सांगाडा वेल्डिंगने कसाबसा जोडलेला असला तरी ती चाचणी पास होते.

तात्पर्य, ऑक्शनचं आवार ते भाच्याच्या अपार्टमेंटचं पार्किंग, या सगळ्या वाटेवर सुरक्षेसाठी गाडी तपासणं कुणाचंच कर्तव्य नाही. ते घेणाऱ्यालाच करावं लागतं.

२६ मे

मेमोरियल डेची सुट्टी. सकाळीच भाच्याचा मेसेज: "मावशी, ही बघ ना. २०२० ची कोरोला, ४१ हजार मैल, ९,८०० डॉलर. रिबिल्ट आहे पण तो म्हणतो फक्त बंपर आणि एक लाइट गेली होती."

आधी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागवून घेतला. सतरा अक्षर-अंकी क्रमांक, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं. एल म्हणजे २०२०. जुळलं. डॅशवरचा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा आणि टायटलवरचा क्रमांक एकच आहे ना, हे प्रत्यक्ष बघायचं ठेवलं.

मग तीन ठिकाणी शोध. एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या चोरी-फसवणूकविरोधी संस्थेची मोफत व्हीआयएन तपासणी: सहभागी विमा कंपन्यांनी कळवलेली चोरी आणि टोटल लॉस त्यात दिसतात. नंतर एनएमव्हीटीआयएस या देशभरच्या टायटल-नोंदींच्या यंत्रणेचा अहवाल, थोडक्या डॉलरांत मिळतो. ही केंद्रीय यंत्रणा १९९२ च्या कायद्याने आली. विमा कंपन्या आणि भंगार-साल्व्हेज आवारं यांना २००९ पासून दर महिन्याला माहिती कळवावी लागते. एका राज्यातला ठप्पा दुसऱ्या राज्यात नवं टायटल काढून पुसायचा, हा जुना धंदा या यंत्रणेमुळे बराच अवघड झाला. पण कुठला भाग मोडला, काय दुरुस्त केलं हे त्यात नसतं.

तिसरा शोध सगळ्यात कामाचा आणि फुकट: व्हीआयएन अवतरणचिन्हांत घालून सरळ इंटरनेटवर टाकायचा. ऑक्शनमध्ये गेलेल्या गाड्यांचे फोटो पुष्कळदा तिथे पडून असतात. या कोरोलाचेही सापडले. डावं पुढचं चाक मागे सरकून दाराला टेकलेलं, बॉनेट दुमडलेलं, आणि काचेतून दोन पांढऱ्या पिशव्या लोंबताना दिसतात. दोन्ही एअरबॅग फुटलेल्या.

भाच्याला फोटो पाठवले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण ऑक्शनवाल्यांनी 'रन अँड ड्राइव्ह' लिहिलंय." लिहिलंय ते खरं. त्याचा अर्थ एवढाच की आवारात आली त्या दिवशी गाडी सुरू झाली, गिअर पडला आणि ती पुढे सरकली.

सोडून द्यायला हरकत नव्हती. पण तक्त्यासाठी अशी गाडी जवळून बघायला मिळणं गरजेचं होतं, आणि विक्रेता गॅरेजमध्ये तपासायला तयार झाला.

३१ मे

गारलंडच्या बॉडी शॉपवाल्या मित्राकडे कोरोला लिफ्टवर घेतली. हा माणूस तीस वर्षं पत्र्याचंच काम करतो आहे. भाचा, त्याचा रूममेट आणि आणखी एक मुलगी वही घेऊन हजर.

आधी अंगणातच, लिफ्टवर चढवण्यापूर्वी. उन्हात गाडीच्या कडेला बसून पत्र्यावरून तिरकी नजर टाकली की रंगातला फरक कळतो. डाव्या पुढच्या दाराचा चंदेरी रंग मागच्या दारापेक्षा जरा खरबरीत, संत्र्याच्या सालीसारखा. रंगाची जाडी मोजायचं मापक मुलांच्या हातात दिलं. छत ११० मायक्रॉन, मागचं दार १२०. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० च्या दरम्यान असतो. डावं मडगार्ड २१०: नवा पत्रा, पुन्हा रंगवलेला. डावं पुढचं दार खालच्या बाजूला ४८०, एका जागी ९०० च्या वर. तिथे पुट्टी भरलेली. 'फक्त बंपर आणि लाइट' गेलेल्या गाडीच्या दारात पुट्टी कशाला?

दाराच्या आतल्या कडेवर व्हीआयएनचं छोटं लेबल असतं. मडगार्ड, बॉनेट, बंपर, दारं अशा भागांवर चोरीविरोधी नियमाप्रमाणे अनेक मॉडेल्सना ते असतंच. डाव्या मडगार्डवर आर अक्षराचं लेबल सापडलं, म्हणजे कंपनीचा बदली भाग. हे चांगलं लक्षण, स्वस्तातला पत्रा नव्हता. बॉनेटवर मात्र लेबलच नाही.

मग लिफ्ट. दारांखाली पत्र्याची जी उभी शिवण असते, तिच्यावर मित्राने बोट ठेवलं. दातांचे ठसे, ओळीने. गाडी खेचून सरळ करायच्या बेंचवर पकडींनी जखडली होती. खेचणं वाईट नाही, पण खेचल्यावर मोजमापाचा छापील कागद निघतो, आणि विक्रेत्याकडे तो नव्हता. डावी पुढची रेल पाहिली. कारखान्यातले स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर, छोट्या गोल खळग्यांसारखे असतात. उजवीकडे तसेच होते. डावीकडे ग्राइंडर फिरवलेला, वर ब्रशने सीलर फासलेला, त्यावर काळा रंग. रंगाखाली निळसर-तपकिरी पट्टा होता; पत्रा तापवून सरळ केल्याची खूण. आजच्या गाड्यांत पुढचा सांगाडा उच्च ताकदीच्या पोलादाचा असतो. त्याला आच दिली की ताकद उतरते. धडकेत तो भाग जिथे आणि जितका चेपायला हवा तसा चेपत नाही, आणि एअरबॅग कधी फुटावी याचं गणितही त्याच चेपण्यावर आधारलेलं असतं.

एअरबॅगचा दिवा. चावी फिरवल्यावर तो पेटला, काही सेकंदांनी विझला. मुलांना वाटलं, पास. स्कॅनर लावला, एकही कोड नाही. विक्रेता हसून म्हणाला, बघा, सगळं ओके.

मित्राने ग्लोव्हबॉक्स उतरवला. आत टॉर्च मारली. प्रवाशाच्या एअरबॅगकडे जाणारा पिवळा कनेक्टर दिसला, पण तो कशातच खोचलेला नव्हता. त्याच्या दोन पिनांमध्ये काळ्या टेपात गुंडाळलेलं काहीतरी. टेप उलगडली. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा रेझिस्टर. गाडीच्या संगणकाला एअरबॅग जागेवर असल्याचं भासवण्यासाठी तेवढा पुरतो. डॅशबोर्डचं झाकण नवं कोरं होतं आणि त्याच्या मागे पोकळी.

मुलीने टॉर्च हातात घेऊन स्वतः आत बघितलं. बराच वेळ बघत होती.

विक्रेत्याला दाखवलं. तो म्हणाला, मी अशीच घेतली, मला माहीत नाही. टायटल मात्र त्याच्या नावावर नव्हतं. मागे कुणाची तरी सही, खरेदीदाराची जागा कोरी. टेक्सासात वर्षाला ५ किंवा जास्त गाड्या विकायच्या तर डीलरचा परवाना लागतो, आणि याच्या फोन नंबरवर त्याच दिवशी आणखी कितीतरी गाड्या जाहिरातीत होत्या. गाडी लिफ्टवरून उतरवली, मित्राचे तपासणीचे पैसे दिले.

१ जून

रात्री झोप लागली नाही नीट. त्या सीटवर भाच्याचा रूममेट बसला असता.

तक्त्यातलं एअरबॅगचं कलम आज पुन्हा लिहिलं, जास्त कडक. रिकामी जागा हा एक प्रकार. दुसरा त्याहून भयानक: स्वस्तातला बनावट इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणारा भाग. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, जुलै २०२४ मध्ये याबद्दल इशारा काढला. आधीच्या नऊ महिन्यांत तीन मृत्यू आणि दोन जणांना आयुष्यभराची इजा. आधी एअरबॅग फुटलेल्या गाड्यांत निकृष्ट बदली इन्फ्लेटर बसवलेले होते. पुढच्या धडकेत पिशवी फुगण्याऐवजी धातूचे तुकडे ड्रायव्हरच्या छातीत, मानेत, चेहऱ्यावर उडाले. संस्थेचा सल्ला साधा आहे: गाडीचा इतिहास काढा, एअरबॅग फुटल्याची नोंद असेल तर स्वतंत्र मेकॅनिककडून किंवा कंपनीच्या डीलरकडून तपासून घ्या.

तक्त्यात आता असं आहे: ऑक्शनच्या फोटोत एअरबॅग फुटलेली दिसली, आणि कंपनीच्या डीलरकडचं नव्या एअरबॅगचं बिल त्याच व्हीआयएनच्या नावाने नाही, तर गाडी बघायलाही जाऊ नका. दिवा विझतो, कोड नाही, हे पुरेसं नाही.

सीटबेल्टसुद्धा. एअरबॅगसोबत पट्ट्यातला प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारा भाग) बहुधा उडतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढायचा. अडखळतो का, आपोआप परत जातो का, तळाच्या लेबलवरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का.

टेक्सासच्या मोटार वाहन विभागाकडे त्या विक्रेत्याबद्दल फोटोंसह तक्रार नोंदवली. बनावट किंवा निकामी एअरबॅग जाणूनबुजून बसवणं हा इथे गुन्हा आहे. बसवली कुणी हे शोधणं त्यांचं काम.

७ जून

सांगलीहून भावोजींचा फोन. मुलाने त्यांना रेझिस्टरचा फोटो पाठवला होता. आधी काळजी, मग म्हणाले, "तुमच्याकडे निदान कागदावर लिहितात तरी. आपल्याकडे तेही नाही."

त्यांचं म्हणणं खरं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा त्यांच्या गल्लीतल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. विम्याच्या हिशेबात दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेली की गाडी 'टोटल लॉस' धरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. पण दुरुस्त होण्याजोगी म्हणून लिलावात गेलेल्या गाडीच्या आरसी बुकावर 'ही टोटल लॉस होती' असा शेरा उमटत नाही. सहा महिन्यांनी ती दुसऱ्या शहरात 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन' होऊन उभी राहते.

भावोजींनी एक चांगली सूचना केली. तक्त्यात पुराच्या गाडीचं कलम वेगळं ठेव, म्हणजे तो सांगली-कोल्हापूर-चिपळूणमध्येही उपयोगी पडेल. ठेवते.

१४ जून

योगायोगाने आजची गाडी त्याच कलमाची निघाली. २०१८ ची होंडा सीआर-व्ही, विकणारं कुटुंब ह्यूस्टनकडून आलेलं, टायटल निळं, स्वच्छ, त्यांच्याच नावावर. एनआयसीबी: काही नाही. एनएमव्हीटीआयएस: काही नाही. ऑक्शनचे फोटो नाहीत. किंमत १३,०००, म्हणजे फार स्वस्तही नाही. भाचा म्हणाला, "ही तर पास ना?"

आत शिरताच सुगंधी फवाऱ्याचा वास, गरजेपेक्षा जास्त. डिकीतली चटई उचलली, स्टेपनी बाहेर काढली. तळाच्या खोलगट भागात, जॅकच्या खोबणीत, बारीक कोरडा गाळ. बोटाने घासला तर पिठासारखा सुटला. मागच्या सीटचा पट्टा मुळापर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ, त्याखालचा पट्टा कडक. पुढच्या सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. सात वर्षांच्या गाडीत हे बोल्ट कोरडेच असतात, तिथे पावसाचं पाणी जात नाही.

मग ठप्पा का नाही? कारण ठप्पा कुणीतरी कळवल्याशिवाय पडत नाही. टेक्सासात कायद्याने सक्तीचा विमा हा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा: माणशी ३०,००० डॉलर, अपघाताला ६०,०००, मालमत्तेला २५,०००. ज्याने एवढाच विमा काढला, त्याची गाडी पुरात बुडाली तर त्याला कंपनीकडून काहीच मिळत नाही, म्हणून दावाच होत नाही. दावा नाही म्हणजे टोटल नाही, टोटल नाही म्हणजे नोंद नाही. माणूस गाडी वाळवतो, धुतो, विकतो. ऑगस्ट २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टन परिसरात लाखो गाड्या बुडाल्या. कॉलेज स्टेशनजवळच्या जुन्या रेस ट्रॅकवर विमा कंपन्यांनी ताब्यात घेतलेल्या गाड्यांचे ताफे उभे केले होते, त्यांचे हवाई फोटो अजून मिळतात. त्या निदान मोजल्या गेलेल्या होत्या. या सीआर-व्हीसारख्या गाड्या मोजणीतच नाहीत.

पुराच्या गाडीचा धोका लगेच दिसत नाही. कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवा थर चढत जातो. आज ब्रेकचा सेन्सर बंद, तीन महिन्यांनी स्टिअरिंगची मोटर. एअरबॅगचा मुख्य संगणक तर बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, जमिनीलगतच असतो. पाणी आधी तिथेच पोहोचतं.

कुटुंबाशी वाईट बोलले नाही. त्यांनी बहुधा अशीच घेतली असावी. गाळ दाखवला, माहिती दिली, निघालो.

२१ जून

विमा आणि पैसा. विषय कोरडा आहे, पण मुलांचे पैसे इथेच बुडतात, त्यामुळे टाळता येत नाही.

रिबिल्ट टायटलवर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. अनेक विमा कंपन्या फक्त सक्तीचा विमा देतात; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा देत नाहीत, किंवा दिला तरी दाव्याच्या वेळी गाडीची किंमत कमी धरतात. कंपनीची वॉरंटी साल्व्हेजच्या ठप्प्याबरोबर संपते. विकायला गेलं तर स्वच्छ टायटलच्या गाडीपेक्षा साधारण २० ते ४० टक्के कमी येतात, आणि पदवी संपल्यावर दुसऱ्या राज्यात नोकरी लागलेल्या मुलाला पंधरा दिवसांत गाडी विकायची असते. अशा वेळी त्या ४० टक्क्यांवरही भागत नाही.

डीलरकडे गेलात तर काचेवर 'बायर्स गाइड' लावलेली हवी, तो केंद्राचा नियम आहे. तिच्यावर 'अॅज इज' या चौकटीत खूण असेल तर गेटबाहेर पडल्यावर जे बिघडेल ते तुमचं. खाजगी विक्रेत्याला हा नियम लागू नाही.

२८ जून

भाच्याचा प्रश्न: मग रिबिल्ट गाडी कधीच घ्यायची नाही का?

मी घेईन अशी एक जात आहे. इथे वसंतात गारा पडतात, कधी लिंबाएवढ्या. छत, बॉनेट, डिकी, सगळीकडे खळगे. जुन्या गाडीचा तेवढा पत्रा सरळ करायचा खर्च किमतीच्या वर जातो आणि विमा कंपनी ती टोटल करते. इंजिन, चासी, एअरबॅग सगळं जागच्या जागी. ऑक्शनच्या फोटोत फक्त गाराच दिसत असतील, काच नीट बसवली असेल, आणि किंमत खरोखर कमी असेल, तर रोख पैसे देऊन, पुढची सहा-सात वर्षं स्वतः वापरायची तयारी असलेल्याने जरूर घ्यावी.

चोरीला जाऊन, विमा कंपनीने पैसे दिल्यानंतर सापडलेल्या गाड्यांचंही थोडंफार असंच. बाकीच्यांसाठी माझं मत ठाम आहे. पुढून धडकलेली, एअरबॅग फुटलेली किंवा पाण्यातून निघालेली गाडी विद्यार्थ्याने घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी. ती नीट बांधता येत नाही असं नाही. माझा बॉडी शॉपवाला मित्र बांधतो आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो, भागांची बिलं, मोजमापाचा कागद, कॅमेरा-रडार जुळवल्याचा अहवाल ठेवतो. पण एवढं सगळं प्रामाणिकपणे केलं की गाडी स्वस्त उरत नाही. त्यामुळे स्वस्त दिसते आहे तिच्यात यातलं काहीतरी गाळलेलं असतं, आणि काय गाळलंय ते विद्यार्थ्याला शोधता येणार नाही.

१२ जुलै

गाडी घेतली. २०१३ ची सिव्हिक, १ लाख १८ हजार मैल, पहिल्या मालकाकडून. निवृत्त शिक्षिका, तेल बदलल्याच्या पावत्या फाईलमध्ये लावलेल्या, टायटल त्यांच्या नावावर, विकताना काउंटीच्या कार्यालयात सोबत आल्या. किंमत ७,४००. डाव्या मागच्या दाराला खोच आहे, मापकावर सगळीकडे कारखान्याचा रंग. मागचे ब्रेक आणि पुढचे दोन टायर बदलावे लागतील, त्याचे पैसे बाजूला ठेवले आहेत.

भाच्याला रंग आवडला नाही. आवडेल.

२ ऑगस्ट

पहिली तुकडी आली. अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये बसून तक्ता वाचला. पुण्याहून आलेल्या एकाने विचारलं की व्हीआयएनचे फोटो सापडले नाहीत तर गाडी ठीक समजायची का? नाही, सीआर-व्हीचं उदाहरण तिथेच दिलं आणि ते वाक्य तक्त्यात वर नेलं. एका मुलीने विचारलं, विक्रेता गॅरेजमध्ये तपासू देत नसेल तर? मग ती गाडी नाही. यावर चर्चा नको.

वाचताना दोन कलमं लांब वाटली, रंगाच्या मापकाचं आणि टायटलचं. मुलांना आकडे नको होते, काय करायचं तेवढं हवं होतं. मापकाचं कलम तीन ओळींवर आणलं: छत मोज, मग प्रत्येक दार आणि मडगार्ड मोज, छताच्या दुपटीहून जास्त आलं की विक्रेत्याला कारण विचार.

राहिलेलं काम: सीटबेल्टवरची पाण्याची रेघ आणि स्पॉट वेल्ड यांचे फोटो घालायचे, व्यक्ती आणि गाडीचे क्रमांक झाकून. इलेक्ट्रिक गाड्यांचं कलम अजून कोरं आहे; खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटरीला काही दिवसांनंतरही आग लागू शकते, हे फ्लोरिडात इयन वादळानंतर २०२२ मध्ये दिसलं, पण मुलांना तपासता येईल अशी खूण काय द्यायची ते मित्राशी बोलून ठरवायचं.

पुढच्या शनिवारी प्लेनोला एक मज्दा बघायची आहे. व्हीआयएन तपासून झाला, टायटल चार वर्षं विक्रेत्याच्याच नावावर, गॅरेजला नेऊ देणार आहे. मापक भाच्याकडे आहे, तो घेऊन येईल.